तिसरी पिन

गाडी घरी आली त्या संध्याकाळी आईने चाकांखाली लिंबं ठेवली, बाबांनी नारळ फोडला आणि मी चार्जिंगची केबल पडवीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावली. केबलवरच्या डबीत लाल दिवा लागला. काढून परत लावली. परत लाल. मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ दिला होता : अर्थिंग नाही.

तोपर्यंत मला वाटत होतं, चार्जरचा विषय आपण संपवलाय. महिनाभर एक्सेल शीट भरत होतो. भिंतीवर लावायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर घ्यायचा की ३.३ किलोवॉटची साधी केबल? माझं रोजचं रनिंग म्हणजे दातिवरे ते सफाळे स्टेशन आणि परत, कधी पालघरची फेरी. ४० किलोमीटर धरले तरी सहा युनिट, म्हणजे ३.३ वर दोन तास. रात्रभर गाडी उभीच असते. ७.२ ला ३१-३२ अँपिअर लागतात आणि आमच्या मीटरचा मंजूर भार होता दोन किलोवॉट. भारतातलं पहिलं व्यावसायिक अणुवीज केंद्र १९६९पासून आमच्याच किनाऱ्यावर, तारापूरला आहे, म्हणून आमच्याकडे व्होल्टेज मस्त असेल असं पुण्याच्या मित्रांना वाटतं. संध्याकाळी शेजारचे पंप सुरू झाले की आमचा पंखा कसा दमतो, ते त्यांनी येऊन बघावं.

तर ३.३ ठरलं. महावितरणकडे अर्ज करून भार पाच किलोवॉट करून घेतला. मीटरपासून पडवीपर्यंत तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी. शीटमध्ये अर्थिंगचाही कॉलम होता. त्यात मी 'आहे' असं लिहिलं होतं. कारण ते बाबांनी स्वतः केलं होतं. बाबा तारापूर एमआयडीसीत फिटर होते. १९९८मध्ये घर बांधलं तेव्हा त्यांनी विहिरीजवळ लोखंडी पाइप पुरून, मीठ-कोळसा भरून, वरून वायर आणलेली. पाहुण्यांना दाखवायचे.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २१८ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच हवेत. तिथे आकडा ९०च्या आसपास भटकत होता.

"दोन मिनिटांचं काम आहे, भाऊ," तो म्हणाला. "सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून अर्थला वायरचा तुकडा टाकतो. लगेच हिरवा होईल."

झालाही असता. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे चार्जर फसतो. पण वादळात खांबावर न्यूट्रल तुटला, तर घरातल्या चालू फ्रिज-पंख्यातून परत निघालेला करंट त्या तुकड्यातून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो, आणि कुठलाही एमसीबी पडत नाही. मे २०२१मध्ये तौक्तेच्या वेळी आमच्याकडच्या तारा कशा लोंबत होत्या ते मी पाहिलंय. आणि बाबा गाडी धुणार अनवाणी. हे सगळं माहीत असूनही मी पाचेक मिनिटं खरंच विचार करत होतो, कारण सोमवारी सकाळची ट्रेन पकडायची होती.

तेवढ्यात आई आतून म्हणाली, "म्हणून वॉशिंग मशीनला मुंग्या येतात का? मी पाटावर उभी राहूनच हात लावते."

"कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं. मिक्सरलापण येतात कधीकधी."

मला हे माहीत होतं. म्हणजे तो पाट मी रोज बघत होतो. लहानपणी ताईला 'चप्पल घालून फ्रिज उघड' असं मीच सांगायचो. नंतर चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, 'अर्थिंगचा उद्देश काय' याचं उत्तर जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि घरी येऊन त्याच फ्रिजमधलं पाणी प्यायलो.

वायरमनला तुकडा नको म्हणालो. आम्ही विहिरीजवळ खणलं. पाइप वरून फूटभर शाबूत होता, खाली हात लावला तर पापुद्रे निघाले. आमच्या जमिनीची गंमत अशी, की खालची खारी ओल वीज छान वाहून नेते पण लोखंड खाऊन टाकते. आणि वरची वाळू उन्हाळ्यात इतकी सुकते की ती काहीच वाहून नेत नाही. मीठ घालून आम्ही पाइपचं मरण आणखी जवळ आणलं होतं. बाबांनी एक पापुद्रा उचलला, बोटांत चुरला. "दहा वर्षं टिकला असेल," एवढंच म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मग तांब्याचा मुलामा असलेले दोन दहा फुटी रॉड, एकमेकांपासून दहा फुटांवर. मिठाऐवजी बेंटोनाइट माती. टेस्टरवर २.८ ओहम. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. तो पहिल्याच रात्री तीनदा पडला. चोर निघाला गीझर. सगळा खर्च अकरा हजार. माझे हेडफोन याहून महाग आहेत.

केबल लावली, दिवा हिरवा झाला. आई बघायला आली. "गाडीला चालत नाही म्हणून खड्डा खणलास होय," म्हणाली. हसत म्हणाली. मी केबल नीट गुंडाळत बसलो.

ती अजून पाट घेते. सवय, म्हणते. बाबांनी विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने तारीख आणि २.८ लिहून ठेवलंय. वाळू सुकली की, मे महिन्यात, परत मोजायचं ठरलंय. टेस्टर वायरमनकडून मागून आणायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय.