एक क्लब जास्त

सोमवारी सकाळी मैदान रिकामं असतं. गवत कापणारी यंत्रं लांब कुठेतरी घरघरत असतात, दवानं बूट भिजलेले असतात आणि एक माणूस एकटाच पावलं मोजत चाललेला असतो. हातात खिशात मावेल एवढी वही, कानामागे पेन्सिल. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, कडेशी तो थांबतो, आल्या वाटेकडे वळून बघतो, काहीतरी टिपून घेतो आणि पुन्हा चालायला लागतो. ‘पीजीए टूर चॅम्पियन्स’ या अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या मालिकेत कॅडीचा आठवडा असा सुरू होतो. स्पर्धा शुक्रवारी असते. त्याचं काम चार दिवस आधीच लागलेलं असतं.

कॅडी म्हणजे बॅग उचलणारा, अशीच बहुतेकांची समजूत. बॅग जड असते, हे खरं. चौदा क्लब, डझनभर चेंडू, रेनकोट, छत्री, हातमोजे, खाणंपिणं मिळून पंधरा-वीस किलो सहज भरतात. शिवाय या मालिकेतल्या बहुतेक स्पर्धांत खेळाडूंना गाडी वापरायची मुभा असली, तरी यूएस सीनियर ओपनसारख्या मोठ्या स्पर्धेत चालावंच लागतं. पण खांदा दुखला तर रात्री शेकता येतो. जीव लागतो तो आकड्याला.

चेंडूपासून ग्रीनची पुढची कड किती यार्डांवर आणि तिथून झेंडा किती आत, हे दोन आकडे प्रत्येक फटक्याआधी कॅडीच्या तोंडात तयार हवेत. झेंड्याची जागा रोज बदलते, तिचा कागद सकाळी हातात पडतो. त्यावर चढ-उतार, वारा, हवेतला गारवा यांची बेरीज-वजाबाकी चालते. थंडीत चेंडू कमी जातो, डोंगराळ प्रदेशातल्या विरळ हवेत लांब जातो. हे अंतर मोजणं गोल्फमध्ये पहिल्यापासून होतं असं नाही. पूर्वी खेळाडू नजरेच्या अंदाजानं खेळत. १९६१ मध्ये पेबल बीचवर यूएस अमॅच्युअर स्पर्धेच्या वेळी डीन बीमन या खेळाडूनं सुचवलं म्हणून जॅक निकलसनं पावलांनी अंतरं मोजली. तो जिंकला, आणि मोजण्याची ही सवय त्यानं पुढे सोडली नाही. कॅडींच्या गप्पांत गोल्फपटू बर्नहार्ड लँगरचा एक किस्सा हमखास निघतो. कॅडीनं स्प्रिंकलरच्या झाकणापासूनचं अंतर सांगितलं, तर लँगरनं विचारलं म्हणे, झाकणाच्या पुढच्या कडेपासून की मागच्या?

ज्येष्ठांच्या मालिकेत मात्र गुंता वेगळाच असतो. झेंडा एकशे बावन्न यार्डांवर असला, तर तो सगळ्यांसाठी एकशे बावन्नच. पण पंधरा वर्षांपूर्वी तेवढ्या अंतराला आठ नंबरचं आयर्न पुरायचं, आता सात लागतं, आणि सकाळचा गारवा असला, कंबर धरलेली असली, तर सहासुद्धा. क्लबचा आकडा जितका लहान तितका चेंडू लांब जातो. शरीराला हे कळलेलं असतं. मनाला ते पटायला वेळ लागतो. या माणसांनी ऐन भरात मोठमोठ्या स्पर्धा मारलेल्या असतात, आणि बोटांना अजून तेव्हाचीच आयर्न आठवतात.

‘सात?’ खेळाडू विचारतो. हात बॅगेकडे गेलेलासुद्धा असतो.

कॅडी लगेच उत्तर देत नाही. गवताची दोन पाती उपटून हवेत सोडतो, झाडांच्या शेंड्यांकडे बघतो. ‘वारा अंगावर आहे,’ तो म्हणतो. ‘सहा घे, निवांत मार.’

वारा असतोच, पण फार नसतो. उरलेलं काय ते दोघांनाही ठाऊक असतं. चांगला कॅडी इथे खोटं बोलत नाही, वयाचं नावही काढत नाही. सल्ला एक क्लब जास्त घेण्याचा असतो, पण तो असा सांगायचा की हातात क्लब घेताना माणसाचा खांदा पडता कामा नये. पडला, तर फटका गेलाच. कॅडीची खरी हातोटी हीच. ती कुठल्या वहीत लिहिलेली नसते. एकाच माणसाच्या मागून वर्षानुवर्षं चालल्यावर ती अंगात मुरते. म्हणूनच या मालिकेत घरची माणसंही बॅगेवर दिसतात. खेळाडू स्टीव्ह स्ट्रिकरची बॅग त्याची पत्नी निकी हिनं अनेकदा सांभाळली आहे.

मंगळवार सरावात जातो. बुधवार-गुरुवार प्रो-अ‍ॅमचे. पैसे भरून हौशी मंडळी खेळाडूबरोबर खेळतात, झुडपांतून त्यांचे चेंडू शोधायचे, त्यांच्या पटची, म्हणजे भोकाकडे हलकेच ढकलायच्या फटक्याची, दिशा सांगायची, शिवाय आपल्या माणसाचा दम राखायचा. लांबलचक, थकवणारे दिवस.

शुक्रवार ते रविवार बहुतेक स्पर्धा चोपन्न होलची, आणि मध्येच कोणी बाद होत नाही. कॅडीला याचं मोल मोठं. तरुणांच्या मालिकेत दोन दिवसांत निम्मे लोक रिकाम्या हातानं परततात. इथे शेवटच्या क्रमांकालाही बक्षिसाचा वाटा असतो, आणि आठवड्याच्या ठरल्या मेहनतान्यावर कॅडीला मिळते ती त्याच रकमेतली टक्केवारी.

हातात टॉवेल असतो, अर्धा ओला, अर्धा कोरडा. फटका झाला की क्लब ओल्या भागानं पुसायचा, खाचांमधली माती टीच्या, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंटीच्या, टोकानं काढायची, मग कोरड्या भागानं पुन्हा पुसायचा. खाचांत पाणी राहिलं तर चेंडूला पुरेशी फिरकी मिळत नाही. तो उसळून हवा त्यापेक्षा लांब पडतो, आणि सकाळपासून जपलेला आकडा वाया जातो. अठरा होलमध्ये हे साठ-सत्तर वेळा. बघणाऱ्याला दिसतसुद्धा नाही.

दिसते ती चूक. ती घडते कॅडीच्या हातून, पण नियमाप्रमाणे दंड लागतो खेळाडूला. २००१ च्या ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी, रॉयल लिथमवर, इयान वूझनम आघाडीच्या बरोबरीत होता. पहिला होल छोटा, तिथे ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, लागतच नाही. त्याचा फटका भोकाच्या अगदी जवळ थांबला आणि तो होल त्यानं ठरल्यापेक्षा एक कमी फटक्यात संपवला. दुसऱ्या होलच्या सुरुवातीला कॅडीनं बॅगेत पाहिलं, तर ड्रायव्हर दोन. सरावातला एक तसाच राहिला होता. नियमानं क्लब चौदाच चालतात, इथे पंधरा झाले होते. दोन फटक्यांचा दंड बसला. वूझनम तिसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीत राहिला. कॅडीच्या जागी स्वतःला उभं करून बघावं. बॅगेत एक क्लब जास्त आहे, हे वाक्य खेळाडूला सांगायचं होतं, आणि लगेच सांगायचं होतं. लपवलं असतं तर दंड वाढत गेला असता. चौदा वर्षांनी, सत्तावन्नाव्या वर्षी, वूझनम ज्येष्ठांच्या मालिकेत ह्यूस्टनजवळ एक स्पर्धा जिंकला. आजही कुठलाही कॅडी पहिल्या होलच्या सुरुवातीला पोचला की बोटानं क्लब मोजतो, मग खेळाडूला मोजायला लावतो.

ब्रूस एडवर्ड्सचं नाव मात्र कॅडी आवाज खाली आणून घेतात. १९७३ पासून तो गोल्फपटू टॉम वॉटसनचा कॅडी होता, मधली तीनेक वर्षं सोडली तर कायम. २००३ च्या जानेवारीत त्याला एएलएस हा स्नायू निकामी करत जाणारा आजार झाल्याचं कळलं. जीभ जड झाली. ज्याचं अर्धं काम बोलण्यावर चालतं, त्याची जीभ. तरी जूनमध्ये शिकागोजवळच्या यूएस ओपनमध्ये त्यानं बॅग उचलली, आणि त्रेपन्न वर्षांच्या वॉटसननं पहिल्या दिवशी ६५ फटक्यांत खेळ संपवला. प्रेक्षक दोघांच्याही नावानं ओरडत होते. त्या वर्षी ज्येष्ठांच्या मालिकेतलं वार्षिक विजेतेपद वॉटसनला मिळालं, आणि त्याचे दहा लाख डॉलर त्यानं या आजाराच्या कामासाठी दिले. ८ एप्रिल २००४ रोजी, मास्टर्सच्या पहिल्याच दिवशी, एडवर्ड्स गेला.

विस्कॉन्सिनमध्ये २०२३ ची यूएस सीनियर ओपन जिंकताना लँगर पासष्ट वर्षांचा होता. घरच्या प्रेक्षकांसमोर खेळणारा छप्पन्न वर्षांचा स्ट्रिकर दोन फटक्यांनी मागे राहिला. लँगरचा या मालिकेतला तो शेहेचाळिसावा विजय, आणि त्यानं सर्वाधिक विजयांचा हेल आयर्विनचा विक्रम मोडला. शेवटच्या तिन्ही होलवर त्याचा ठरल्यापेक्षा एकेक फटका जास्त गेला होता. असे शेवटचे तीन होल, हातात असलेली पण गळत चाललेली आघाडी, आणि शेजारून चालणारा कॅडी. तेव्हा तो पाणी पुढे करतो, टॉवेल देतो, अंतर सांगतो. नेहमीच्याच आवाजात.

रविवारी संध्याकाळी जिंकणाऱ्याचा कॅडी रिवाजाप्रमाणे अठराव्या होलचा झेंडा काढून घेतो. बाकीचे गाड्या भरतात, पुढचं गाव गाठायचं असतं. निघण्याआधी डिकीच्या झाकणावर वही टेकवून कॅडी आठवड्यातले आकडे पडताळून बघतो. अकराव्या होलच्या पानावर, झाडाजवळच्या खुणेपाशी, त्याच्याच अक्षरात जुनी नोंद असते: १५२, सात. तो ‘सात’वर काट मारतो आणि शेजारी ‘सहा’ लिहितो.