जात्याची घरघर

एम. ए.च्या वर्गात जात्यावरची ओवी मी आजवर फळ्यावर लिहूनच शिकवत आले. चरणांची रचना, यमक, माहेरची ओढ हे सारे त्यात असे. दळण तेवढे नसे. वीस वर्षांत हे कुणाला खटकले नाही. मलाही नाही.

गेल्या वर्षी तुळजापूर तालुक्यातील एका शाळेत लॅपटॉप घेऊन गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या संकेतस्थळावर आणल्या. ओवीचे शब्द, ध्वनिफीत, गाणारीचे नाव नि गाव असे सारे तिथे एकत्र मिळते. वर्गातल्या एका दृष्टिहीन मुलीने पहिल्याच ओवीनंतर विचारले, "मॅडम, कोण गायलंय हे?" मला नाव सांगता आले. लोकगीताचा कर्ता अनामिक असतो, हे वाक्य मी किती उत्तरपत्रिकांत बरोबर धरले असेल!

शेजारी एक कर्णबधिर मुलगा होता. तो पडद्यावरचे शब्द वाचून लगेच मोकळा झाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. ओवीतले शब्द त्याच्यापर्यंत पोचले होते, म्हणजे माझ्या अध्यापनात जेवढी ओवी असते तेवढी सगळीच पोचली होती. मी स्पीकर बाकावर उपडा ठेवून त्याचा हात त्यावर टेकवला. नुसतीच थरथर, ओळ कुठे वळते ते कळेना.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा समावेशक शिक्षण मागतो. आम्ही मात्र पडद्यावर शब्द उमटले की समावेश झाला असे मानतो.

खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या घरी जाते होते. दुसऱ्या दिवशी मुले तिथे गेली. मावशींनी मूठभर ज्वारी घातली आणि खुंटा धरून त्या गाऊ लागल्या. मुलाने आपणहून जमिनीवर तळवा टेकला. दगडाच्या प्रत्येक फेऱ्याला घरघर वाढे, ओसरे. थोड्या वेळाने त्याने मावशींच्या हातावर हात ठेवून खुंटा धरला. मग लॅपटॉपवरची ओवी मागितली आणि तिच्या शब्दांवरून बोट फिरवत दुसऱ्या हाताने जमिनीवर फेरे धरले.

मावशींनी पुढच्या ओवीत त्याचे नाव गुंफले. इतर मुले हसली. कशाला हसतात ते त्याला कळेना, तेव्हा त्या दृष्टिहीन मुलीने त्याचा तळवा ओढून घेतला आणि त्यावर बोटाने त्याचे नाव गिरवले.