मागच्या सीटवरची पिशवी



गेल्या वैशाखात आमच्या गाडीची काच फोडून पिशवी चोरीला गेली. गाडी जागेवर होती, माणसं सुखरूप होती, तेव्हा रडगाणं गायला मी बसलेली नाही. पण त्या संध्याकाळी माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली मला तिथंच कळली. दुसरी कळायला तीन दिवस लागले. पहिली सांगून दुसरी लपवणं बरं नाही, म्हणून दोन्ही सांगते.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं रिसेप्शन सांगलीजवळच्या एका कार्यालयात होतं. ह्यांना दुकानातून यायला उशीर झाला आणि आम्ही पोहोचेपर्यंत साडेसहा वाजून गेले. सासूबाईंचा आणि माझा रात्रिभोजनाचा त्याग. सूर्य मावळायला जेमतेम अर्धा तास उरलेला. गाडी थांबली तशी मी सासूबाईंचा हात धरून थेट जेवणाच्या हॉलकडे निघाले. "पिशवी?" असं ह्यांनी विचारलंसुद्धा. मी म्हटलं, "राहू दे गाडीत, आधी पानावर बसू." कुलूप त्यांनी लावलं. पिशवी मागच्या सीटवर, सगळ्यांना दिसेल अशी राहिली.

जेवलो, नवरा-नवरीला भेटलो, आहेर द्यायचं पाकीट आणायला मी गाडीकडे आले, तर मागच्या दाराखाली खडीसाखर सांडावी तसे काचेचे तुकडे पडलेले.

पिशवीत काय होतं ते सांगते, कारण आपण सगळ्याच असंच काहीबाही भरतो. आहेराचं पाकीट. थोडे पैसे. गाडीचं मूळ आर.सी. बुक, कारण "गाडीत असलेलं बरं". गाडीची दुसरी चावी, ती माझ्याकडे असते म्हणून. घराच्या किल्ल्या. सासूबाईंची चांदीची जपमाळ आणि त्यांची स्तोत्रांची वही. ही वही त्यांनी लग्नानंतर लिहायला घेतली होती. पानं पिवळी पडलेली, कडेला हळदीचे डाग.

पार्किंग बघायला एक पोरगा होता. सतरा-अठरा वर्षांचा असेल. गर्दी जमली, कुणीतरी विचारलं, "इथं कोण होतं?" आणि मी बोलले, "हाच होता इथं." एवढंच वाक्य. मी त्याला चोर म्हटलं नाही. पण पुढचं सगळं त्या वाक्यानं झालं. चार पुरुषांनी त्याला घेरलं, खिसे उलटे करायला लावले. तो सारखा सांगत होता, "काकू, मी पुढच्या गेटला होतो, एका आजोबांना उतरवून घेत होतो." कुणी ऐकलं नाही. मीही नाही. कार्यालयवाल्यांनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न पैशांचा विचारला नाही. त्यांनी विचारलं, "किल्ल्या कसल्या होत्या? आणि पत्ता कशावर लिहिला होता का?" तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. घराच्या किल्ल्या आणि घराचा पत्ता लिहिलेलं आर.सी. बुक एकाच पिशवीत, आणि घरात कुणी नाही! जाऊबाईंना फोन करून आधी घरी पाठवलं. रात्री साडेअकराला कुलपं बदलून झाली, तेव्हा कुठे श्वास घेतला.

तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण बघायला मिळालं. मोटारसायकलवर दोघं आले. एक उतरला आणि गाड्यांच्या रांगेतून चालत गेला. एका गाडीत डोकावला, पुढे गेला. दुसरीत डोकावला, पुढे गेला. तिसरीतही तसंच. आमच्या गाडीशी थांबला. मग काच फुटली, हात आत गेला, पिशवी बाहेर आली. सगळं मिनिटाच्या आत. आणि त्याच चित्रात, लांब गेटपाशी, तो पोरगा एका म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून गाडीतून उतरवत होता.

आधी चोरीबद्दल बोलते.

त्या माणसानं तीन गाड्या सोडल्या. त्या गाड्यांची कुलपं आमच्यापेक्षा भारी नव्हती. आत काही दिसत नव्हतं, एवढाच फरक. बाजूची काच एका घावात चुरा होते, तिला कुलूप काय करणार? म्हणून गाडीतल्या सामानाचा पहिला नियम म्हणजे बाहेरून काही दिसता कामा नये. पर्सवर ओढणी टाकली तरी खाली काहीतरी आहे हे कळतंच. मोबाइलचा स्टँड आणि चार्जरची वायरसुद्धा काढून ठेवावी. सामान डिकीत ठेवायचं तर घरून निघतानाच ठेवावं. मुक्कामाला पोहोचल्यावर सगळ्यांच्या देखत डिकी उघडून बॅगा आत टाकणं म्हणजे बघणाऱ्याला पत्ता सांगणं. आणि दागिने, रोकड, किल्ल्या डिकीतही नकोत. त्या अंगाबरोबर असाव्यात.

मूळ कागदपत्रं घरी ठेवा. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या अ‍ॅपमधलं आर.सी. आणि लायसन्स २०१८ पासून नियमानं ग्राह्य आहे. दुसरी चावी गाडीत किंवा गाडीबरोबर फिरणाऱ्या पिशवीत कधीच नको. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक चावी गाडीतच राहिली होती असं निघालं, तर दावा अडू शकतो.

रिमोटनं कुलूप लावलं की दार एकदा हातानं ओढून बघा. आवाज शेजारच्या गाडीचाही असू शकतो, आणि रिमोटचा संदेश मुद्दाम अडवणारेही असतात. चावी खिशात ठेवून नुसत्या बटणावर उघडणारी गाडी असेल, तर रात्री चावी दाराजवळच्या खुंटीवर टांगू नका. अशा चावीचा संदेश यंत्रानं लांबवून गाडी उघडणारे आहेत. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुष्कळदा उपयोगी पडतो. पण खात्री करून घ्या. चावी डब्यात घालून डबा गाडीजवळ न्यायचा. दार उघडलं तर तो डबा उपयोगाचा नाही.

गाडी लावल्यावर चावी काढून स्टीअरिंग थोडं फिरवलं की ते अडकतं, ती सवय मुलांनाही लावा. जुन्या गाडीला गिअरलॉक बसवून घ्यावं. त्यानं चोराला वेळ लागतो, आणि वेळ लागणं त्याला परवडत नाही. फास्टॅगचा मेसेज येणारा मोबाइल नंबर चालू ठेवा. गाडी चोरून टोलनाक्यावरून नेली तर तो मेसेज वाट दाखवतो.

आणि आपल्यासारख्या, एकटीनं गाडीत बसून वाट बघणाऱ्या बायकांसाठी एक खास गोष्ट. "ताई, गाडीतून ऑइल गळतंय", "ताई, तुमच्या नोटा खाली पडल्यात" असं कुणी सांगितलं, तर लगेच उतरू नका. तुम्ही एका दारानं उतरता आणि दुसऱ्या दारानं पर्स जाते. दारं आतून बंद ठेवा आणि गाडी माणसं असलेल्या जागी नेऊन मग बघा. गरज पडली तर ११२ लावा.

चोरी झालीच तर फुटलेल्या काचेला हात लावण्याआधी फोटो काढा. तक्रार लगेच द्या. "आमची हद्द नाही" असं ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. विमा कंपनीलाही उशीर न करता कळवा. एक गोष्ट आम्हाला तेव्हाच कळली. गाडीचा सर्वसमावेशक विमा काचेचे पैसे देतो, पण आतल्या पिशवीचे देत नाही, त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर अख्खी गाडी गेली तरी काही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, ती आपल्या व्रताची आहे. मागच्या वर्षी पुण्यात माझ्या मुलाच्या गाडीचे दोन्ही बाजूचे आरसे कुणीतरी काढून नेले. मित्र म्हणाला, "बाजारात तसेच आरसे पाव किमतीत मिळतात, बिल नाही मिळणार." मुलानं मला फोन केला. मी म्हटलं, "अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत पाठ केले होतेस ना? दुसरा कोणता?" थोडा थांबून म्हणाला, "तदाहृतादान." चोरानं आणलेला माल घेणं. कुणी तरी विकत घेतं, म्हणूनच आरसे चोरीला जातात. त्यानं दुकानातून बिलासकट घेतले. महाग पडले.

आता माझी दुसरी चूक.

तुम्हाला आदाननिक्षेपण समिती ठाऊक आहे. महाराज शास्त्र उचलतात, कमंडलू ठेवतात, ते आधी जागा नीट बघून, पिंछीनं हलकेच झाडून. आपल्या ठेवण्या-उचलण्यानं कुठल्या जीवाला इजा होऊ नये म्हणून. लहानपणापासून ऐकलेलं, पण मुंगीपलीकडे माझा विचार कधी गेला नव्हता. त्या दिवशी मी पिशवी ठेवताना बघितलं नाही. आणि इजा झाली ती एका पोराला. वस्तू उघड्यावर टाकणारी मी, नेणारे दुसरेच, आणि खिसे उलटे झाले त्याचे. एक नियम पाळायच्या घाईत मी दुसरीकडे बेफिकीर झाले. आपण त्याला प्रमाद म्हणतो. घरातली कामवाली, ड्रायव्हर, वॉचमन, पार्किंगवाला. आपलं काही हरवलं की आधी बोट यांच्याकडेच जातं. आपण नीट ठेवलं, तर निम्म्या वेळा त्या बोटाची गरजच पडणार नाही.

चित्रण बघून आल्यावर मला जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "भाद्रपदात क्षमावाणीला जाऊन येऊ." सासूबाई म्हणाल्या, "तोवर त्यानं काय करायचं?" दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पत्ता काढून त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं पाणी दिलं. मी हात जोडले, माझंच चुकलं म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "तुमचं गेलं त्याचं वाईट वाटतं बाई. पण चार माणसांत त्याचे खिसे उलटे केले. आमच्या गल्लीतलेच वाढपी होते तिथं, त्यांनी बघितलं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरगा दारात उभा होता. त्यानं मान हलवली. क्षमा केली की आम्ही लवकर जावं म्हणून हलवली, मला सांगता येणार नाही.

तिथून आम्ही कार्यालयात गेलो. ज्या चार जणांनी त्याला घेरलं होतं त्यांतल्या दोघांना ह्यांनी बोलावून घेतलं, आणि मालकांसमोर, बाकीच्या कामगारांसमोर मी सांगितलं, की या मुलाचा काही दोष नव्हता, चित्रण आम्ही बघितलंय. मालकांनी त्याला परत बोलावलं. तो गेला नाही. आता एका गॅरेजमध्ये काम शिकतोय असं कळलं.

पिशवी सापडली नाही. जपमाळेचं सासूबाईंनी मनावर घेतलं नाही. चार बोटांची बारा पेरं, नऊ वेळा मोजली की एकशे आठ, असं म्हणून त्या बोटांवर जप करतात. वहीचं मात्र त्यांना लागलं. बोलत नाहीत, पण दुपारी फडताळाकडे बघतात. म्हणून मी नवी वही आणली आहे. रोज दुपारी त्या आठवून सांगतात, मी लिहिते. कधी मध्येच एखादी ओळ अडते, मग बस्तीत जाऊन विचारून येतो. आत्तापर्यंत अकरा स्तोत्रं झाली.

गेल्या रविवारी बस्तीपुढे गाडी लावली. मी उतरून दोन पावलं गेले, तर मागून सासूबाईंची हाक आली, "अगं, मागं बघितलंस का?" मी परत आले. सीटवर त्यांची पाण्याची बाटली तेवढी होती. तीही उचलली.