इंजिनावर तापतं आंघोळीचं पाणी!

दोस्तांनो, पुलावरून जाणारी होडी तुम्ही कधी पाहिली आहे का? पुलाखालून नव्हे हं, पुलावरून! ब्रिटनमधल्या वेल्स या भागात डी नदीची खोल दरी आहे. या दरीवर एक उंच पूल आहे आणि त्यावरून चक्क कालवा वाहतो. त्याचं नाव पाँटकसल्ते. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या दोन इंजिनिअरांनी तो बांधला. काम १७९५ मध्ये सुरू झालं आणि १८०५ मध्ये पूल खुला झाला. लांबी ३०७ मीटर, उंची ३८ मीटर. म्हणजे जवळजवळ बारा मजली इमारतीएवढी! दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची भलीमोठी पन्हळ आहे, तिच्यात पाणी आणि पाण्यात होड्या. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला कठडाच नाही. होडीतून त्या बाजूला डोकावलं, की थेट खाली दरी! २००९ मध्ये युनेस्कोने या पुलाला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

या लँगॉलेन कालव्यावरून जाणाऱ्या होडीला म्हणतात नॅरोबोट, म्हणजे अरुंद होडी. रुंदी जेमतेम सात फूट. पण लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत असू शकते. एखादी लांबलचक खोली पाण्यात सोडून द्यावी, तशी ती दिसते. पूर्वी या होड्या कोळसा न् चिनी मातीची भांडी वाहायच्या आणि काठावरून चालणारा घोडा त्यांना ओढायचा. खलाशाचं अख्खं कुटुंब मागच्या चिमुकल्या खोलीत राहायचं. गरम पाणी हवं असेल, तर कोळशाच्या शेगडीवर किटली ठेवायची. तेवढंच!

आता घोडा गेला, डिझेल इंजिन आलं. माल गेला, सुट्टीवर निघालेली मंडळी आली. काहींनी तर होडीतच कायमचं घर केलंय. आत स्वयंपाकघर, पलंग आणि शॉवरसुद्धा असतो. पण पाऊसपाण्याच्या, बोचऱ्या थंडीच्या त्या मुलुखात आंघोळीचं पाणी तापवायचं कशावर? गॅसवर तापवता येतं. पण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो गळला, तर दारं-खिडक्या उघडून बाहेर घालवता येतो. होडीत तो तळाशी जाऊन साचतो आणि एका ठिणगीने घात होऊ शकतो. म्हणून जितका कमी गॅस जाळावा, तितकं बरं.

मग काय करायचं? उत्तर होडीच्या मागच्या टोकाला धडधडत असतं!

डिझेल जाळून जी ऊर्जा मिळते, तिच्यातली साधारण एक तृतीयांशच होडी पुढे ढकलायच्या कामी येते. बाकीची उष्णता होऊन जाते. काही धुराबरोबर आणि बरीचशी इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याबरोबर. मोटारीत हे पाणी रेडिएटरमध्ये निवतं. नॅरोबोटीत त्याची युक्ती निराळी. होडीच्या पोलादी भिंतीला आतून एक चपटी टाकी जोडलेली असते. इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून फिरतं आणि भिंतीपलीकडचं कालव्याचं थंडगार पाणी त्याची उष्णता शोषून घेतं. कालव्यातला गाळ आणि शेवाळ इंजिनात शिरायची भीतीच नाही. मात्र सगळी ऊब जाते कालव्याला!

तीच ऊब वाटेत अडवायची. इंजिनातून निघालेली गरम पाण्याची एक नळी आधी पाण्याच्या बंद टाकीत न्यायची. या टाकीला कॅलोरिफायर म्हणतात. टाकीच्या आत नळीचं वेटोळं असतं. वेटोळ्यातून इंजिनाचं पाणी फिरतं, भोवती आंघोळीचं पाणी असतं. बाळाच्या दुधाची बाटली आई गरम पाण्याच्या भांड्यात ठेवते ना? दूध तापतं, पण त्यात पाणी मिसळत नाही. इथंही तसंच. आणि मिसळून चालणारही नाही, बरं का! थंडीत गोठू नये म्हणून इंजिनाच्या पाण्यात जे रसायन घालतात, ते बहुधा विषारी असतं.

ही जोडणी करताना फार जपावं लागतं. नळी मध्येच उंटाच्या मदारीसारखी वर आली, तर तिथं हवेचा बुडबुडा अडकतो. पाणी पुढे सरकत नाही, टाकी गारच राहते आणि कधी कधी इंजिनही तापून बसतं. म्हणून सगळ्यांत उंच जागी हवा सोडायची सोय ठेवतात. दुसरी गोष्ट अशी की पाणी तापलं की फुगतं. ५५ लिटर पाणी १५ अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापवलं, तर ते लिटरभराहून जास्त वाढतं. बंद टाकीत ते जाणार कुठं? त्यासाठी शेजारी एक छोटा डबा बसवतात. त्यातल्या रबरी पडद्यामागे हवा असते, ती दबते आणि वाढलेल्या पाण्याला जागा देते. शिवाय दाब फारच वाढला, तर आपोआप उघडणारी झडप असते. आणि नळापाशी गार पाणी मिसळायची सोय असते, नाहीतर हात भाजलाच म्हणून समजा!

कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. झपाझप चालणारा माणूस काठावरून सहज सोबत करील! पण त्या रमतगमत प्रवासात, पूल ओलांडता ओलांडता, इकडे टाकी तापत असते. तासा-दीड तासाच्या प्रवासात आंघोळीपुरतं पाणी तयार. रात्री आठ ते सकाळी आठ, इतर होड्यांजवळ थांबलं असताना इंजिन चालवायचं नाही, असा तिथला नियम आहे. शेजाऱ्यांची झोप मोडायला नको! तरीही अडत नाही. टाकीभोवती जाड वेष्टण असतं, त्यामुळे संध्याकाळी तापलेलं पाणी सकाळीही बऱ्यापैकी कोमट मिळतं.

तर मित्रांनो, कालव्याला मिळणारी ऊब होडीतल्या माणसांना मिळाली आणि त्यासाठी वेगळं इंधन काही जाळावं लागलं नाही. लांबून आलेली मोटार किंवा ट्रॅक्टर दारात उभा राहिला, की जरा अंतरावरूनच हात धरून पाहा. केवढी धग लागते! (रेडिएटरच्या झाकणाला मात्र अजिबात हात लावू नका, आतलं उकळतं पाणी उसळून अंगावर येतं.) आणि मग विचार करा, ही सगळी ऊब चाललीय तरी कुठं? तिला वाटेत अडवता येईल का?