थंडीत जागणारी बाग : नाशिकच्या वाइन-द्राक्षांची शिवारफेरी

फ्रान्स-इटलीकडील द्राक्षवेली थंडी पडली की पाने गाळतात आणि झोपी जातात. तिकडचा बागाईतदार त्या उघड्या काड्यांची छाटणी हिवाळ्यात करतो. वेल वसंतात फुटते आणि घड सप्टेंबर-ऑक्टोबरात हाती येतात. आपल्याकडे सारे उलट आहे. आपण एप्रिलात खरड छाटणी करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो आणि ऐन थंडीत माल पोसतो. दोन छाटण्या आणि पीक एक. त्यामुळे आपली बाग हिवाळ्यात झोपत नाही आणि बागाईतदारालाही झोपू देत नाही.

गेल्या जानेवारीत सोलापूरकडील बागाईतदारांच्या एका अभ्यास दौऱ्याबरोबर मी नाशिक जिल्ह्यात गेलो होतो. मंडळी सारी द्राक्षात मुरलेली. सोबत सात-आठ भगिनीही होत्या. खाण्याचे द्राक्ष आणि बेदाणा यांत त्यांना नवे शिकवावे असे फारसे नव्हते, पण वाइनच्या द्राक्षाची बाग बहुतेकांनी पाहिलेली नव्हती.

सिन्नर मागे पडले तेव्हा उजाडत होते आणि बसच्या काचा दवाने भरल्या होत्या. नाशिकचा हा टापू समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन चांगले तापते आणि रात्री पारा झर्रकन उतरतो. दिवसाच्या उन्हाने मण्यात साखर भरते, तर रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. वाइनला दोन्ही लागतात. मात्र हीच थंडी अती झाली की घात करते. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत मणी तडकतात. अशा वेळी शेतकरी पहाटे बागेत धूर करतात, ठिबक सोडतात.

महाराष्ट्रात या धंद्याचा पाया १९८० च्या दशकात नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी घातला. नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९० नंतरच्या दशकात वाइनच्या जातींची लागवड केली आणि ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. पुढे विंचूर येथे वाइन पार्क झाले आणि दिंडोरी, निफाड, इगतपुरी या भागांत वायनरी उभ्या राहिल्या.

दिंडोरी तालुक्यातील एका बागेत आम्ही उतरलो. मांडव दिसेना! उभ्या तारांवर ताटव्यासारख्या वेली चढवलेल्या, घड गुडघ्यापासून कमरेपर्यंत एका रेषेत. मणी करवंदाएवढे. एका तात्यांनी कॅबर्नेचा घड हातात घेऊन म्हटले, “साहेब, याला जीए द्यायचं राहिलं काय?” सगळे हसले.

पण खरी मेख तिथेच आहे. थॉमसन किंवा सोनाकाचा मणी फुगावा, लांब व्हावा म्हणून आपण जीएचे डिपिंग करतो. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत व बियांत असतो. मणी लहान असेल तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते. म्हणून येथे मणी फुगवायचा नाही, पाणीही हात राखून द्यायचे आणि घड मोजकेच ठेवायचे. आपला सारा शहाणपणा येथे उलटा वापरावा लागतो.

डिसेंबर-जानेवारीतील कामे मात्र ओळखीची. शेंडा मारणे, फेलफुटी काढणे, घडाभोवतीची पाने काढून हवा खेळती ठेवणे. दव आणि ढगाळ हवा आली की भुरीची भीती, म्हणून गंधकाची फवारणी. तोडणी जवळ आली की फवारणी थांबवून ठरलेले दिवस पाळायचे. मण्यात पाणी उतरू लागले की पाखरे येतात, मग जाळ्या. पेठ-सुरगाण्याकडील टोळ्या ही कामे करतात. त्यांतील एक ताई सकाळच्या गारठ्यात कात्रीने सपासप घड उतरवीत होती. तिने सांगितले, “ऊन चढायच्या आत गाडी भरली पाहिजे, गरम माल तिकडं चालत नाही.” फसफसणाऱ्या वाइनचा माल आधी, गोडी कमी असतानाच काढतात. मग पांढऱ्या जाती आणि शेवटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत काळ्या.

तोडणीचा दिवस कोण ठरवतो? येथे आमच्या मंडळींचे कान टवकारले. वायनरीचा माणूस मण्यांचा रस ब्रिक्स मीटरवर टाकून पाहतो. शेंकडा २२ ते २४ ब्रिक्सच्या आसपास गोडी आली, आंबटपणाही जुळला, की तोडणी. आता हिशेब पाहा. पाच टन माल २२ ब्रिक्सवर आहे, म्हणजे त्यात सुमारे ११०० किलो साखर आहे. वायनरीने “थोडे थांबा” म्हटले. नवी साखर आली नाही, फक्त मण्यातील पाणी उडाले आणि गोडी २४ झाली, तर तोच माल ४५८३ किलो भरेल. ४१७ किलो वजन वाऱ्यावर गेले! दर किलोमागे शेकडा नऊने वाढला तरच शेतकरी बरोबरीला येतो. म्हणून गोडीनुसार दराचा तक्ता आधीच लिहून घ्यावा आणि ब्रिक्स मीटर स्वतःकडेही ठेवावा.

दुपारी वायनरी पाहिली. हंगामात येथे रात्रंदिवस काम चालते. कॅरेट वजन होऊन पट्ट्यावर येतात, यंत्र देठ वेगळे करते. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच दाबून काढतात आणि पोलादी टाक्यांत थंड ठेवून आंबवतात. काळ्या द्राक्षाचा रस सालीसकट आंबवतात आणि वर तरंगणाऱ्या सालींवर तोच रस पुन्हा पुन्हा सोडतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कर्बवायू तयार करते. २४ ब्रिक्सच्या रसातून सुमारे १३ टक्के अल्कोहोल होते. कर्बवायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो, म्हणून कोणालाही तपासल्याशिवाय आत उतरू देत नाहीत. आपल्या जुन्या विहिरींना आणि धान्याच्या पेवांनाही हाच धोका असतो, हे घरोघरी लक्षात ठेवावे. उरलेला चोथा कंपोस्टला जातो.

याच दिवसांत शहरची मंडळी वायनरी पाहायला येतात. टबात उतरून द्राक्षे तुडवतात, फोटो काढतात. सुलाचा संगीत महोत्सव २००८ पासून सुरू झाला. गावातील पोरांना त्यातून चार पैसे मिळतात. वाइन प्यावी की न प्यावी हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. मी येथे फक्त शेतीचे बोलतो आहे.

आणि शेतीचा खरा प्रश्न आमच्याबरोबरच्या एका मावशींनी विचारला. त्यांनी दोन मणी चाखले, बी थुंकले आणि म्हणाल्या, “गोड आहे, पण बाजारात हे कोण घेईल? वायनरीनं नाही म्हटलं तर?” वायनरीचे अधिकारी प्रांजळ होते. ते म्हणाले, “मावशी, दुसरं गिऱ्हाईक नाही.”

हे घडून गेलेले आहे. २००८ नंतरच्या मंदीत वाइनचा खप घटला. लागवड मात्र गरजेपेक्षा जास्त झाली होती. अनेक वायनरींत माल पडून राहिला, काही बंद पडल्या, आणि कित्येक शेतकऱ्यांना उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. थॉमसनला बाजार पडला तर बेदाणा करता येतो. बियांच्या, जाड सालीच्या या द्राक्षाला तो आसरा नाही.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, नाशिकची हिरवी बाग पाहून लगेच खुंट मागवू नका. आधी करार पाहा. तो किती वर्षांचा आहे? दर गोडीवर की वजनावर? तोडणी लांबवली तर घट कोण सोसणार? गारपीट झाली, माल नाकारला, तर काय? पैसे किती दिवसांत? नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अवकाळी पाऊस आणि गारपिटीने नाशिक भागातील बागांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. निसर्गाचा धोका आपल्याला टळत नाही, त्यात बाजाराचा धोका न वाचता ओढवून घेऊ नये.

करारावर सही करण्याआधी तो घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. जो मुद्दा घरातील बाईमाणसाला पटला नाही, तो वायनरीला पुन्हा विचारावा. उत्तर तोंडी मिळाले तर तेही कागदावर घ्यावे.