तंटा मिटवा, पण हक्क सोडून नव्हे

थोरल्या भावाशी मी सात वर्षे बोललो नव्हतो. तो शिरूरला, मी नोकरीनिमित्त दौंडला. दोघांच्या मध्ये भीमा नदी आणि वडिलांची सव्वा एकर जमीन. वडील गेल्यावर वाटणीचा दावा मीच शिरूरच्या कोर्टात लावला. तारखेला दोघेही जायचो, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचो आणि पुढची तारीख घेऊन परतायचो. रजा संपत होत्या. गरिबांना मोफत वकील मिळतो हे मी वस्तीत सांगत फिरत होतो, स्वतः मात्र ईर्षेपायी महागडा वकील लावला. शेवटी पोराची कॉलेजची फी उसनवारीने भरली.

मग न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले. कोर्टाच्या आवारातच एक लहानशी खोली, मध्यस्थ एक वकीलबाई. त्या आधी आमच्याशी वेगवेगळ्या बोलल्या. म्हणाल्या, "इथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून जात नाही. पटलं नाही तर उठून जा, दावा पुढे चालेल." नंतर दोघांना समोर बसवून विचारले, "तुमच्या बहिणीला काय हवंय, हे कुणी विचारलं का?"

आम्ही दोघेही गप्प! दाव्यात ताईचे नाव होते, पण ती हक्कसोड करून देईल हे आम्ही गृहीतच धरले होते. समतेवर भाषणे देणारा मी मान खाली घालून बसलो. पुढच्या बैठकीला ताई आली. "मला माझा वाटा पाहिजे. आणि आईला कोण किती देणार तेही कागदावर येऊ द्या," ती म्हणाली. तीन बैठकांत मिटले. लोक अदालतीत तडजोडीवर सह्या झाल्या. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का. त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य युद्धाला उठले तेव्हा सिद्धार्थाने सुचवले की, दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा सोडवावा. हीसुद्धा मध्यस्थीच नव्हे काय?

मात्र एक गोष्ट बजावून सांगतो. जातीवरून मारहाण झाली की पुढारी दारात येतात, "मिटवून घ्या, गावात राहायचंय ना?" ही मध्यस्थी नव्हे, हा दबाव आहे. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याखालचे गुन्हे तडजोडीने मिटवता येत नाहीत आणि लोक अदालतीलाही तो अधिकार नाही. ज्या बोलणीत एका बाजूला 'नाही' म्हणण्याची सोय नसते, तिथे सही करू नका.

पण वाटणी, बांध, भाडे, उसने पैसे असले घरचे-शेजारचे तंटे असतील, तर तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीत जाऊन चौकशी करा. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला तेथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

सह्या झाल्या त्या दिवशी मी दौंडची एसटी पकडायला निघालो. मागून भावाची हाक आली, "आईला भेटून जा रे."

सात वर्षांनी आम्ही एका ताटाशेजारी दुसरे ताट मांडून जेवलो.