न साचलेला थर

वाङ्मयेतिहासाच्या तासाला मी वर्षानुवर्षे एक वाक्य सांगत आलो : १३१८ साली देवगिरीचे राज्य संपले, तेथून एकनाथांपर्यंतचा काळ म्हणजे अंधारयुग. इतिहासग्रंथांत या दोनशे वर्षांना पाने थोडी, म्हणून काळही रिता, असा हा हिशेब. तो चुकीचा असावा ही शंका आली ती भूशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्याच्या बोलण्यातून.

मुंबईच्या पश्चिमेला समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. साधारण २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरांच्या आसपास खाली होता आणि ही जमीन बहुतांशी उघडी पडली होती. अशा वेळी तिच्यावर गाळ साचत नाही. उलट नद्या आधीचे थर कापतात आणि तो ऐवज खंडान्त उतारावर नेऊन टाकतात. पाणी पुन्हा चढू लागले की नद्यांचा गाळ खाड्यांत आणि किनाऱ्यालगत अडकतो. बाहेरच्या पट्ट्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. तिथे सुमारे ९० मीटर खोलीवर, ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाच्या सपाटीवर, माशाच्या गाभोळीसारखे गोल चुनकण आजही सापडतात. असे कण उथळ, खळबळत्या पाण्यातच घडतात. म्हणजे एके काळी समुद्र तिथे उथळ होता. किनाऱ्याकडचा चिखल जाड पण अलीकडचा, बाहेरचा पापुद्रा पातळ पण जुना.

“कोरी जागा दिसली की आम्ही उताराकडे पाहतो,” स्नेही सहज म्हणाला.

विज्ञानातल्या प्रतिमा उसन्या आणण्याची आपल्या समीक्षेला जरा जास्तच हौस आहे, हे मान्य. तरीही त्या रात्री मला महानुभावांच्या पोथ्या आठवल्या. सांकेतिक लिपीत बंद होऊन त्या मठांत राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपी उलगडेपर्यंत आपल्या इतिहासाला त्या जवळजवळ ठाऊकच नव्हत्या. आणि १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती कशामुळे? पाठ अशुद्ध व्हायलाही वाचणारे, उतरवून घेणारे हात लागतात. ते हात याच ‘अंधारा’तले.

यंदा टिपणांतून मी तो शब्द खोडला. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग परीक्षेत काय लिहायचं?” अभ्यासक्रमात तो शब्द अजून आहे.